गांवचें गाणें आणि नभोवाणी

वर्षानुवर्षें ठराविक वेळीं कानांवर पडणारें गाणें एके दिवशीं अकस्मात् बंद व्हावें आणि त्याच्या जागीं भलतेंच कांहीं ऐकूं यावें, म्हणजे मनास जी चुटपुट लागते, तिचा अनुभव नभोवाणीच्या जुन्या श्रोत्यांस कधीं ना कधीं आलेलाच असतो. मोठ्या शहरांत ही गोष्ट फारशी जाणवत नाहीं. तेथें एक केंद्र सोडलें तर दुसरीं अनेक हजर असतात. परंतु लहान गांवांत, जेथें ऐकण्याजोगें केंद्र एखादें किंवा फार तर दोन, तेथें केंद्रानें आपल्या गाण्यांची तऱ्हा बदलली, तर साऱ्या गांवाची सकाळच बदलल्यासारखें होतें. असा बदल करावा कीं न करावा, आणि करावयाचा तर तो कोणाच्या विचारानें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचाच थोडा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम चालकांची बाजू ऐकून घेणें न्यायाला धरून होईल. २००५ सालच्या सरकारी धोरणानंतर धुळें, जळगांव, अकोला, नांदेड, सांगली, सोलापूर यांसारख्या शहरांत खासगी एफ्. एम्. केंद्रें सुरू झालीं. त्यांचा निर्वाह जाहिरातींवर चालतो, आणि उत्पन्नांतील ठराविक हिस्सा सरकारांत भरावा लागतो. स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना मोकळीक नाहीं; तेव्हां गाणें हेंच त्यांचें मुख्य भांडवल होय. लहान शहरांत जाहिरात देणारे ते कोण? कापडाचे दुकानदार, सराफ, शिकवणीचे वर्ग चालविणारे, बियाणांचे व्यापारी. त्यांची पुंजी ती केवढी! श्रोते घटले कीं हे लोकही हात आंखडतात. अशा वेळीं चालकांनीं अधिक लोकांना रुचेल असें गाणें शोधलें, तर त्यांना कोणीं दोष देऊं नये. शिवाय श्रोत्यांची पिढीही बदलते. आजोबांना प्रिय असलेलें नाट्यपद नातवाला प्रिय वाटलेंच पाहिजे, असा कांहीं नियम नाहीं. तेव्हां बदल करणें हा अपराध आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तो कशाकरितां व कोणत्या रीतीनें व्हावा, एवढाच वाद आहे.

या बाबतींत आपल्या देशाच्या इतिहासांतच एक बोधप्रद उदाहरण सांपडतें. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मध्यवर्ती सरकारचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आणि पुढें सुमारें दहा वर्षें त्यांनीं तो अधिकार चालविला. केसकर हे विद्वान् व शास्त्रीय संगीताचे कळकळीचे अभिमानी होते. संस्थानिकांचा आश्रय गेल्यावर या संगीताला नभोवाणीनें आधार द्यावा, अशी त्यांची तळमळ होती. त्याच सालीं संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, आणि दूरदूरच्या गांवांतील माणसालाही थोर गवयांचें गाणें घरबसल्या ऐकावयास मिळूं लागलें. हे उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु त्याबरोबरच सिनेमांतील गाण्यांवर त्यांनीं निर्बंध घातले, चित्रपटनिर्मात्यांशीं बेबनाव झाला, आणि कांहीं काळ तीं गाणीं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहींशींच झालीं.

परिणाम काय झाला? लोकांनीं सिनेमाचीं गाणीं सोडलीं नाहींत. ते यंत्राचा कांटा फिरवून कोलंबोकडे वळले. १९५२ च्या डिसेंबरांत रेडिओ सिलोनवर श्री. अमीन सयानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि बुधवारच्या रात्रीची वाट देशभर घरोघरीं पाहिली जाऊं लागली. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीला ‘विविध भारती’ ही निराळी सेवा काढावी लागली, आणि घालवून दिलेलीं गाणीं मानानें परत आणावीं लागलीं. हेतु कितीही उदात्त असला तरी कान धरून कोणाला गाण्याची गोडी लावतां येत नाहीं, हा यांतील पहिला धडा होय.

परंतु याच कालखंडांत घडलेली दुसरी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानांत राहत नाहीं. पुण्याचें नभोवाणीकेंद्र १९५३ सालीं सुरू झालें. मुंबईच्या मानानें तें अगदींच नवें व लहान. त्याला दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, तोंच १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, तेथून ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला. केंद्राचे अधिकारी श्री. सीताकांत लाड यांनीं ही कल्पना उचलून धरली, श्री. ग. दि. माडगूळकर यांनीं गीतें रचिलीं व श्री. सुधीर फडके यांनीं त्यांना चाली दिल्या. आठवड्यास एक नवें गीत, याप्रमाणें वर्षभरांत ५६ गीतें झालीं. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हे कवि व हे संगीतकार दोघेही चित्रपटसृष्टींत नांवाजलेले होते. म्हणजे ज्या सिनेमासंगीताला दारांतून बाहेर काढलें होतें, त्याच क्षेत्रांतील गुणी माणसांना पुण्याच्या केंद्रानें आपल्या दारीं बोलाविलें, आणि त्यांच्याकडून असें कांहीं करवून घेतलें कीं जें सिनेमांतही नव्हतें व मैफलींतही नव्हतें. श्रोत्यांना कोणी सक्ति केली नाहीं. तरी तें ऐकण्यासाठीं लोक हातांतलीं कामें टाकून यंत्रापुढें बसत. आज इतक्या वर्षांनंतरही तीं गीतें महाराष्ट्रांत गाइलीं जात आहेत. लहान केंद्राच्या अंगीं केवढें सामर्थ्य असूं शकतें, याचें याहून उत्तम प्रमाण कोणतें पाहिजे?

आतां उलट बाजूची चूक पाहूं. केसकरांनीं लोकांची आवड मोजलीच नाहीं. आजचीं पुष्कळ केंद्रें तिच्यावांचून दुसरें कांहींच मोजीत नाहींत. मुंबईंत जीं पन्नास गाणीं चाललीं, तींच जळगांवांत, तींच नांदेडांत आणि तींच सांगलींत दिवसभर फिरत राहतात. ऐकणाऱ्यास आपण कोणत्या गांवीं बसलों आहों याचा पत्ता केवळ जाहिरातींवरून लागावा, ही स्थिति समाधानकारक म्हणतां येईल काय? खानदेशांतील अहिराणी गीतें, कोंकणांतील जाखडी, देशावरील भजनी मंडळ्या व शाहिरांचे पोवाडे यांचे गाणारे आजही गांवोगांवीं आहेत. त्यांना मोठ्या शहराच्या केंद्रावर जागा मिळणें कठीण. आपल्या जिल्ह्याच्या केंद्रावरून एकदां आवाज गेला, म्हणजे तोच त्यांचा सन्मान, तेंच उत्तेजन. तें दारही बंद झालें, तर त्यांनीं गावें कोणापुढें?

जळगांवच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांचें उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, घरकाम करतां करतां त्यांच्या मुखांतून गाणीं निघत. पुत्र सोपानदेव स्वतः कवि असल्यामुळें त्यांचें मोल जाणलें गेलें, घरच्या माणसांनीं तीं टिपून ठेविलीं, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ सालीं तीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालीं. घरांत ऐकणारे कान होते म्हणून तो ठेवा वांचला. ज्यांच्या घरीं असे कान नव्हते, त्या किती माउल्यांचीं गाणीं त्यांच्याबरोबरच मातींत गेलीं असतील! लहान गांवचें नभोवाणीकेंद्र म्हणजे साऱ्या जिल्ह्याचा असा एक कान आहे. तो बाहेरचेंच ऐकावयास लावला आणि घरचें ऐकेनासा झाला, तर होणारी हानि हिशेबाच्या वहींत कोठेंच दिसणार नाहीं; परंतु ती खरी असेल.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे. ज्याला जें हवें तें त्यानें त्यावर ऐकावें. केंद्रानें काय वाजविलें याची चिंता कशाला? हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो. परंतु मोबाईल आपणांस बहुधा तेंच ऐकवितो, जें आपण मागतों, किंवा मागील मागणीवरून जें आपणांस आवडेल असा त्याचा अंदाज असतो. ज्याचें नांवच ठाऊक नाहीं तें मागणार कसें? नभोवाणीची थोरवी न मागितलेलें देण्यांत आहे. बातम्यांची वाट पाहतां पाहतां एखादा अभंग कानीं पडतो आणि जन्माची सोबत करूं लागतो. शिवाय तेंच गाणें त्याच क्षणीं शेतांतला गडी, रिक्षावाला, शिंपी आणि स्वयंपाकघरांतील गृहिणी हीं सर्व ऐकत असतात. एका गांवचीं माणसें एकत्र येण्याचे प्रसंग दिवसेंदिवस कमी होत असतां, हा न दिसणारा मेळावा मोडूं देणें शहाणपणाचें नव्हे.

मिशनच्या शाळेच्या या वार्षिकांत एका जवळच्या दृष्टांताचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाहीं. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती उपासनेंत आरंभीं परदेशी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें पुष्कळ असत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनीं आपल्या अभंगांनीं व भजनांनीं त्या उपासनेला मराठी मातीचा सूर दिला. गाण्याची तऱ्हा बदलली. परंतु त्या बदलानें उपासना लोकांच्या अधिक जवळ आली. म्हणून तो टिकला. जुनीं गीतेंही कोणीं फाडून टाकलीं नाहींत. मंदिरांत आजही दोन्ही प्रकार एका वहींत सुखानें नांदतात. आपल्या केंद्राच्या चालकांनींही हाच मार्ग धरावा, असें आम्हांस मनापासून वाटतें.

मग प्रत्यक्ष करावें काय? आमच्या अल्पमतीप्रमाणें तीन गोष्टी अवश्य व्हाव्या. पहिली, गाण्यांची तऱ्हा बदलावयाची असेल तर श्रोत्यांना आगाऊ सांगावें, त्यांचीं पत्रें मागवावीं व तीं वाचावीं. नभोवाणीच्या लहरी ही लोकांची मालमत्ता आहे, असा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला आहे. केंद्र चालविणारा हा त्या लहरींचा विश्वस्त होय, आणि विश्वस्तानें धन्याला विचारल्यास त्यांत कमीपणा नाहीं. दुसरी, बाकीचा दिवस वाटेल त्या गाण्यांना द्यावा, पण रोजचा एक तास, तोही आडवेळेचा नव्हे, जिल्ह्यांतील गाणाऱ्यांकरितां राखून ठेवावा. तिसरी, जुनें ध्वनिमुद्रण टाकून देऊं नये. तें जपून ठेवून जवळच्या एखाद्या विद्यालयास किंवा ग्रंथालयास त्याची प्रत द्यावी. यांपैकीं एकाही गोष्टीला फारसा खर्च नाहीं.

आणि एवढेंही न झालें, तर आपण हातावर हात ठेवून बसावें असें नाहीं. सरकारनें २००२ सालीं शिक्षणसंस्थांना व २००६ सालीं सेवाभावी संस्थांना सामुदायिक नभोवाणीकेंद्र काढण्याची परवानगी दिली. असें केंद्र साधारणतः शंभर वॉट शक्तीचें, म्हणजे एखाद्या गांवास व आसपासच्या खेड्यांस पुरेल एवढें असतें, आणि त्याच्या कार्यक्रमांपैकीं निम्मे तरी स्थानिक लोकांच्या सहभागानें तयार झाले पाहिजेत असा नियम आहे. सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें असें केंद्र चालतें. माणदेशासारख्या दुष्काळी मुलुखांत जें साधलें, तें इतरत्र असाध्य कां असावें?

विद्यार्थिमित्रांनीं मात्र एक गोष्ट आजच करावी. घरीं आजी असेल, शेजारीं एखादा वृद्ध भजनी असेल, त्याच्यापाशीं बसून त्याचें एक गाणें वहींत उतरून घ्यावें व मोबाईलवर मुद्रित करावें. मग आपल्या गांवच्या केंद्राला नम्रपणें पत्र लिहावें कीं, हें गाणें आमच्या गांवचें आहे, तें एकदां सर्वांना ऐकवा. दिवा मापाखालीं झांकून ठेवण्याकरितां कोणी लावीत नाहीं, हें आपण शाळेंत शिकलोंच आहों. केंद्रानें पत्राची दखल घेतली तर उत्तमच. न घेतली तरी एक गाणें विस्मृतींतून वांचलें, हें समाधान कोणी हिरावून घेऊं शकणार नाहीं.