फक्त ‘तू’ कळलं

आधी एक कबुली. गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसात ॲन्युअल डे होता. ही नाशिक रोडहून मुंबईला अप-डाऊन करते आणि आमची ओळखही पंचवटी एक्सप्रेसमधलीच. गाते सॉलिड! तिने एक मराठी भावगीत बसवलं होतं. आयत्या वेळी एचआरचा निरोप आला, ‘सगळ्यांना कळेल असं काहीतरी घ्या ना!’ इगतपुरी येईपर्यंत बाईसाहेब गप्प. मग मला विचारलं, ‘काय करू गं?’ आणि मी, मास कॉमची डिग्री मिरवणारी, म्हणाले, ‘ऑडियन्स बघायचा. हिंदी म्हण.’ तिने म्हटलं, टाळ्याही पडल्या. माझ्या दृष्टीने विषय संपला.

परवा एका असाइनमेंटच्या निमित्ताने युरोव्हिजनची जुनी रेकॉर्डिंग्ज बघत बसले होते. युरोव्हिजन म्हणजे १९५६ पासून चालत आलेली देशादेशांची गाण्याची स्पर्धा. आपल्या रिॲलिटी शोजची खापरपणजीच म्हणा ना. प्रत्येक देशाचं एक गाणं आणि बाकीच्यांनी त्याला मार्क द्यायचे. आपापल्या देशाच्या भाषेतच गायचं, असा नियम १९६६ मध्ये आला आणि १९७३ मध्ये तो सैल झाला. झालं! फिनलंड, स्वीडन लगेच इंग्रजीत गायला लागले. का नाही लागणार? ऑडियन्स बघायचा! (हा सल्ला ओळखीचा वाटतोय ना?)

त्याच वर्षी स्पेनकडून बिलबाओचा मोसेदादेस हा सहा जणांचा ग्रुप आला आणि स्पॅनिशमध्येच गायला. गाणं ‘एरेस तू’, संगीतकार हुआन कार्लोस काल्देरॉन. सुरुवातीला अमाया उरांगाचा एकटीचा आवाज, अगदी शेजारी बसून गुणगुणल्यासारखा. मग हळूहळू बाकीचे पाच जण येतात आणि गाणं असं काही वर चढतं की बस! उपमा कुठल्या, तर पाणी, विस्तव, गहू. आपल्या ओव्यांत शोभतील अशा.

निकाल? यजमान लक्झेंबर्ग १२९, स्पेन १२५ आणि ब्रिटनकडून इंग्रजीत गाणारा, आपल्या लखनौला जन्मलेला क्लिफ रिचर्ड १२३. लक्झेंबर्गचं गाणं फ्रेंच. म्हणजे इंग्रजीची मुभा मिळाली त्याच वर्षी पहिली दोन्ही गाणी बिगरइंग्रजी! खरी गंमत पुढेच आहे. अमेरिकेत रेकॉर्ड निघाली, तिच्या एका बाजूला स्पॅनिश गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच इंग्रजी अवतार. चाललं कुठलं? स्पॅनिश. १९७४ मध्ये बिलबोर्डच्या यादीत थेट नवव्या नंबरपर्यंत.

स्पेनचं फार कौतुकही नको. १९६८ मध्ये सेर्रात या गायकाला तिथे कातालान भाषेत गायचं होतं. फ्रँकोच्या राजवटीत ते चाललं नाही. तो बाजूला झाला, मासिएल तेच गाणं स्पॅनिशमध्ये गायली आणि जिंकलीसुद्धा, क्लिफपेक्षा एका मार्काने. (बिचारा क्लिफ!) दुसऱ्या देशात जाऊन आपली भाषा मिरवायची आणि घरातल्या धाकटीला गप्प बसवायचं, हेही आपल्याला नवीन नाही. मोसेदादेसने मात्र ‘एरेस तू’ नंतर बास्क भाषेतही गायलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिक रोडच्या प्लॅटफॉर्मवर एक इयरफोन तिच्या कानात, एक माझ्या. गाडी लागली तरी ही जागची हलेना. जागा पकडायची सोडून कोणी असं उभं राहतं का?

‘काय म्हणतेय गं ती?’

‘तुला काय कळलं?’

‘फक्त ‘तू’ कळलं.’

आणि तेवढं बरोबर होतं! स्पॅनिशमधला ‘तू’ म्हणजे आपलाच ‘तू’. अर्थ तोच, मूळही एकच, हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सामायिक भाषेतलं. मी हे सगळं उत्साहाने सांगत सुटले. मार्क, बिलबोर्ड, क्लिफ, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘मग मला हिंदी म्हण का म्हणालीस?’

मी इयरफोनची वायर गुंडाळत बसले. टाळ्या पडल्या होत्या ना, असं म्हणणार होते, पण नाही म्हटलं. इगतपुरीला चहावाला आला, दोन चहा घेतले, पैसे मी दिले.

यंदाच्या ॲन्युअल डेला तिने नाव दिलंय. गाणं कुठलं, ते मला सांगत नाहीये.