स्कूबासाठी बोटीवर मुक्काम करताय? एसीचं नंतर बघा, आधी दुसरा दरवाजा शोधा

18 डिसेंबर 2024. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. स्पीडबोटीच्या इंजिनची चाचणी सुरू होती. 15 जणांचा जीव गेला. वाचलेल्यांपैकी अनेकांना न्हावा शेवाला, जेएनपीएच्या रुग्णालयात आणलं गेलं. बोटीला परवानगी 84 प्रवाशांची होती आणि बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती, हे नंतर समोर आलं. अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, असं वाचलेल्यांनीच सांगितलं.

ती तासाभराची फेरी होती. आता विचार करा, बोटीवर चार रात्री झोपायचंय आणि किनारा शंभर किलोमीटर लांब आहे.

याला म्हणतात 'लिव्हअबोर्ड'. दिवसाला तीन-चार डाइव्ह, जेवण बोटीवर, झोपही बोटीवर. तांबडा समुद्र, मालदीव, इंडोनेशिया ही त्याची मोठी ठिकाणं. आपल्याकडे मालवण-तारकर्लीला डाइव्ह मारून माणूस जेवायला परत किनाऱ्यावर येतो. पण महाराष्ट्रासमोर एक जागा अशी आहे जिथे मुक्कामाच्या बोटीशिवाय गत्यंतर नाही. ती म्हणजे आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून साधारण 105 किलोमीटर आत, समुद्राखालचं प्रवाळाचं पठार. माथासुद्धा सुमारे 20 मीटर खोल. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. तिथे पर्यटन न्यायच्या गोष्टी अधूनमधून होतात. मासेमारीवर राज्याचं नियंत्रण असतं 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे जेमतेम 22 किलोमीटर. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे.

मग अशा बोटीत बघायचं काय?

न्हावा शेवाच्या धक्क्याला लागणाऱ्या कंटेनर जहाजांवर खलाशी महिनोन् महिने राहतात. त्यांना 'सोलास' हा आंतरराष्ट्रीय करार लागू असतो. 'टायटॅनिक' बुडाल्यावर 1914 मध्ये तो पहिल्यांदा झाला. राहण्याच्या जागेतून बाहेर पडायचे दोन मार्ग, आग लागली तर काय करायचं याची नियमित कवायत, हे सगळं त्यात येतं. पण प्रवासी बोटींना हा करार लागतो तो आंतरराष्ट्रीय फेरीसाठी. देशातल्या देशात फिरणारी डाइव्ह बोट त्या त्या देशाच्या नियमांवर चालते. हे नियम कुठे कडक, कुठे नावापुरते.

आणि कडक असूनही काय होतं ते अमेरिकेत दिसलं. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' ही डाइव्ह बोट पेटली. खाली झोपलेले 34 जण गेले. झोपायच्या खोलीतून बाहेर पडायला जिना होता आणि एक झडपही होती. पण दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात उघडत होत्या, आणि आग तिथेच होती. रात्री कुणी पहाऱ्यावर नव्हतं. बोटीची कागदपत्रं मात्र नियमात बसणारी होती.

नोव्हेंबर 2024 मध्ये इजिप्तमध्ये 'सी स्टोरी' बुडाली, तीही काही मिनिटांत. 11 जण दगावले किंवा बेपत्ता झाले. काही जण उलटलेल्या बोटीच्या केबिनमध्ये तीसहून जास्त तास अडकून जिवंत राहिले. तिला मार्चमध्येच तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं होतं. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं त्यानंतर सांगितलं की तांबड्या समुद्रात पाच वर्षांत अशा बोटींचे 16 अपघात झालेत.

आता आरामाचं. ज्यांना बोट लागते त्यांना नेहमी एकच सल्ला मिळतो, खालची आणि मधली केबिन घ्या. सल्ला बरोबर आहे, तिथे हेलकावे सगळ्यात कमी बसतात. मागची केबिन घेतली तर इंजिनची घरघर रात्रभर उशाशी. पण अडचण अशी की कमी हलणारी खालची केबिन हीच बाहेर पडायला सगळ्यात अवघड असते. म्हणून माझं मत, थोडे हेलकावे सोसा, पण मधली आणि थेट डेकवर उघडणारी केबिन मागा. महाग असते, हे मान्य. त्यासाठी एखादा दिवस कमी करावा लागला तरी चालेल.

फोटोत तीन-चार मजले, वर जकुझी दिसली की आपण भुलतो. वजन जितकं उंच, तितकी बोट कलंडायला सोपी. त्यामुळे वरचे मजले नंतर चढवलेत का, हे विचारायला लाजू नका. टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या रात्री कुठे चार्ज होतात? झोपायच्या जागेजवळ होत असतील तर नको. रात्री जागं कोण असतं, त्याचं नाव विचारा.

लाइफ जॅकेटचंही तसंच. डाइव्ह संपली की पोहता येणारा माणूस निर्धास्त होतो. तारकर्लीला 24 मे 2022 रोजी उलटलेली बोट स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांचीच होती. त्यात दोघांचा मृत्यू झाला.

हे प्रश्न ॲडव्हान्स भरायच्या आधी मेसेजवर लिहून पाठवा. बहुतेक ठिकाणांहून आधी मेन्यू आणि सूर्यास्ताचे फोटो येतील. केबिनच्या दुसऱ्या दरवाजाचा फोटो मागा, आणि तो कुठे उघडतो तेही त्याच मेसेजमध्ये विचारा.