रोमन भिंतीची वारी



छंद एकट्याने जोपासता येतो, पण त्याची खरी गोडी कळते ती तसाच दुसरा छंदिष्ट भेटला की! पोस्टाची तिकिटं जमवणारे दोघं जण एकत्र आले, की त्यांना जेवणाची शुद्ध राहत नाही. क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असणाऱ्यांचंही तसंच. मग ज्यांना इतिहासाचं वेड आहे, तेही दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लोकांच्या इतिहासाचं, त्यांनी काय करावं? आज तुम्हाला अशाच काही रोमनवेड्यांची हकीकत सांगणार आहे. ही मंडळी इंग्लंडमधली. त्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक सहल ठरवली आणि ती सहल अजून संपलेली नाही! कशी ते पाहू या.

इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल नावाचं शहर आहे. तिथे जॉन कॉलिंगवुड ब्रूस नावाचे एक शिक्षक होते. ते स्वतःची शाळा चालवत. रोमन इतिहासाचा त्यांना भारी नाद. १८४८ साली त्यांनी थेट रोमला जायचं ठरवलं. पण त्याच वर्षी युरोपात ठिकठिकाणी क्रांतीचा भडका उडाला. राजांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. प्रवास धोक्याचा झाला आणि सगळा बेत फिसकटला. दुसरा कुणी असता तर हिरमुसून घरी बसला असता. ब्रूस गुरुजी बसले नाहीत. रोमला जाता येत नाही ना? मग रोमन लोकांनी आपल्या दाराशी काय ठेवलंय ते तरी नीट पाहू, असं म्हणून ते निघाले. सोबत घेतला आपला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आणि चित्रं काढणारे दोघे भाऊ.

दाराशी होतं तरी काय? एक भिंत!

इसवी सन १२२ मध्ये रोमन सम्राट हेड्रियन ब्रिटनमध्ये आला होता. रोमन साम्राज्याची अगदी उत्तरेकडची हद्द इथे होती. त्या हद्दीवर भिंत बांधण्याचा हुकूम त्याने दिला. एका बाजूच्या समुद्राजवळून निघून दुसऱ्या बाजूच्या समुद्राला भिडणारी ही भिंत सुमारे ११७ किलोमीटर लांब होती. म्हणजे आपलं पुणे ते साताऱ्याएवढं अंतर म्हणा ना! ती बांधली कुणी? गवंडी-मजुरांनी नव्हे, तर रोमन सैनिकांनीच. दर रोमन मैलाला, म्हणजे साधारण दीड किलोमीटरला, एक छोटी चौकी आणि दरवाजा. दोन चौक्यांच्या मध्ये दोन टेहळणीचे बुरूज. शिवाय शेकडो शिपाई राहू शकतील असे मोठे किल्ले. इसवी सन ४१० च्या सुमारास ब्रिटनमधला रोमन अंमल संपला, तोवर जवळजवळ तीनशे वर्षं या भिंतीवर पहारा होता.

पुढे ती ओस पडली. आणि ओस पडलेल्या वास्तूचं सगळीकडे होतं तेच तिचंही झालं. लोकांना घडवलेले, चौकोनी, तयार दगड आयते मिळाले. कुणी त्यांतून चर्च बांधलं, कुणी घर, तर कुणी गुरांचा गोठा. १७५० नंतरच्या वर्षांत लष्करासाठी रस्ता करायचा होता, तेव्हा तर मैलोन्‌मैल भिंत पाडून तिच्याच पायावर तो रस्ता काढला!

तुम्ही म्हणाल, "दगड तर दगड! त्यांचं एवढं काय?" सांगते. ही भिंत हेड्रियनची, असं मी आत्ता सहज लिहून गेले. पण दोनशे वर्षांपूर्वी पुष्कळ विद्वानांना वाटायचं, की दगडी भिंत बांधली ती सेव्हेरस नावाच्या सम्राटाने. हा सेव्हेरस हेड्रियननंतर ऐंशीएक वर्षांनी ब्रिटनमध्ये आला होता. मग उलगडा कसा झाला? भिंतीवरच्या चौक्यांमध्ये काही कोरीव दगड सापडले. त्यांवर हेड्रियनचं आणि त्याच्या सुभेदाराचं नाव होतं. जॉन हॉजसन नावाच्या अभ्यासकाने अशा पुराव्यांवरून १८४० मध्ये हेड्रियनच्या बाजूने निकाल मांडला आणि ब्रूस गुरुजींनी तो लोकांपर्यंत पोचवला. आता विचार करा, ते दगड एखाद्या गोठ्याच्या भिंतीत उलटे बसवले गेले असते तर? तर पुरावाच गेला असता. इतिहासाचं पान फाटलं, की ते पुन्हा छापता येत नाही, बरं का!

हे ओळखणारी माणसं ब्रूस गुरुजींच्या आधीही होती. त्यातले एक विल्यम हटन. १८०१ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, हे आजोबा बर्मिंगहॅमहून पायी निघाले. भिंतीपर्यंत गेले, भिंतीच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत असे चालले, आणि पायीच घरी आले. ३५ दिवसांत सुमारे ६०० मैल! वाटेत प्लेनट्रीज नावाच्या ठिकाणी त्यांना दिसलं, की एक शेतकरी घर बांधायला भिंतीचे दगड काढतोय. दोनशे मीटरच्या आसपास भिंत त्याने उखडलीही होती. आजोबांना फार वाईट वाटलं. 'हे थांबवा, तुम्ही केवढी मोलाची वस्तू मोडताय,' असा निरोप त्यांनी त्याला धाडला. प्लेनट्रीजला भिंतीचा एक छोटा तुकडा आजही उभा आहे. तो वाचला याचं श्रेय हटन आजोबांना देतात.

दुसरे होते जॉन क्लेटन. न्यूकॅसलच्या नगरपालिकेत ते मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्याकडे पैसा होता आणि घरही एका रोमन किल्ल्याला लागूनच होतं. १८३४ पासून ते भिंतीलगतच्या जमिनी विकत घेऊ लागले. कशासाठी? तर तिथले दगड कुणी नेऊ नयेत म्हणून! भिंतीचा मधला सुंदर भाग आज दिसतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

आता पुन्हा ब्रूस गुरुजींकडे येऊ. भिंत पाहून ते परतले आणि त्यांनी न्यूकॅसलमध्ये व्याख्यानं दिली, सोबतची चित्रं दाखवली. लोक चकित झाले. काहींचा तर विश्वासच बसेना. आपल्या गावापासून इतक्या जवळ एवढं मोठं काही उभं आहे आणि आपल्याला पत्ता नाही? यावर गुरुजींनी काय केलं असेल? वाद घातला नाही. "चला, सगळे मिळून बघायला जाऊ," असं त्यांनी सुचवलं. झालं! जून १८४९ मध्ये मंडळी निघाली. कुणी पायी, कुणी गाडीतून. सुरुवात पूर्वेच्या टोकाला वॉल्सएंडपासून (या नावाचा अर्थच मुळी 'भिंतीचं टोक' असा आहे), शेवट पश्चिमेला बोनेस गावी. या सहलीला त्यांनी नाव दिलं 'यात्रा', आणि जाणारे ते 'यात्रेकरू'.

दुसरी यात्रा निघाली १८८६ मध्ये. तोवर ब्रूस गुरुजी ८० वर्षांचे झाले होते, पण प्रमुख यात्रेकरूचा मान त्यांचाच! पुढे १८९६, १९०६, १९२०, १९३० अशा यात्रा झाल्या. मग दुसरं महायुद्ध आलं आणि खंड पडला. १९४९ मध्ये पहिल्या यात्रेला शंभर वर्षं झाली, तेव्हा पुन्हा सगळे जमले. तेव्हापासून दर दहा वर्षांनी, न चुकता! २०१९ मध्ये चौदावी यात्रा झाली. हिशोब केलात ना? म्हणजे पुढची पाळी २०२९ ची.

दहा वर्षांनी भेटून ही माणसं करतात काय? भिंतीच्या एकेका ठिकाणी थांबतात. त्या जागेचे जाणकार उभे राहून सांगतात, की गेल्या दहा वर्षांत इथे काय नवं मिळालं आणि आपलं कोणतं जुनं मत चुकीचं ठरलं. बाकीचे प्रश्न विचारतात. वादही होतात. भिंतीच्या माथ्यावरून शिपाई चालत होते की नाही, यावर अजून एकमत नाही! तरी दहा वर्षांनी पुन्हा भेटतात, कारण समोरचाही आपल्यासारखाच या भिंतीचा वेडा आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आणि नवं सापडतंही किती! भिंतीच्या थोडं दक्षिणेला विंडोलांडा नावाचा रोमन किल्ला आहे. १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांना तिथे लाकडाचे पातळ तुकडे मिळाले. पोस्टकार्डासारखे, शाईने लिहिलेले. ओल्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून ते कुजले नाहीत. वाचून पाहिलं, तर ती रोमन लोकांची पत्रं! त्यातलं एक आहे इसवी सन १०० च्या आसपासचं, म्हणजे भिंतीच्याही आधीचं. क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईने आपल्या मैत्रिणीला, लेपिडिनाला, ते पाठवलं आहे. मजकूर काय? ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, तू नक्की ये, तू आलीस तर दिवस जास्त आनंदात जाईल! छोट्या मुलाचा नमस्कारही कळवला आहे. पत्र लेखनिकाने लिहिलं, पण शेवटचे मायेचे शब्द सेव्हेराने स्वतःच्या हाताने लिहिले. दोघींचे नवरे रोमन सैन्यात अधिकारी. घरापासून इतक्या दूर, थंडी-वाऱ्याच्या मुलखात, मैत्रिणीने भेटायला यावं म्हणून केलेला हा आग्रह. हे पत्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तिथेच एका तुकड्यावर शाळकरी मुलाने गिरवल्यासारखी लॅटिन कवितेची ओळ आहे, आणि पुढे दुसऱ्या हाताने मारलेला शेरा. हा शेरा 'आळशीपणा' असा असावा, असं अभ्यासक मानतात. बघा, वहीवर लाल शेरा मारणाऱ्या बाई आणि गुरुजी रोमन काळातही होते! तेव्हा आम्हाला उगीच नावं ठेवू नका.

काही रोमनवेड्यांना नुसतं पाहून समाधान होत नाही. भिंतीजवळच्या कॉर्ब्रिज इथे १९६४ मध्ये एक पेटी सापडली. तिच्यात रोमन सैनिकाच्या चिलखताचे लोखंडी भाग होते. ते जुळवून चिलखत कसं असेल हे तज्ज्ञांनी उलगडलं. १९७२ मध्ये इंग्लंडमधल्याच काही हौशी लोकांनी अर्मिन स्ट्रीट गार्ड नावाची मंडळी स्थापन केली. ते अशी चिलखतं, शिरस्त्राणं, ढाली स्वतः बनवतात आणि घालून लोकांना कवायत करून दाखवतात. अंगावर घातल्याशिवाय चिलखत कुठे टोचतं ते कसं कळणार?

भिंत १९८७ पासून जागतिक वारसा आहे. तरी राखण संपली, असं समजू नका. भिंतीलगत एका खोलगट जागी एक प्रसिद्ध झाड होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री ते कुणीतरी करवतीने पाडलं. त्याखाली भिंतीच्या दगडांनाही इजा झाली. २०२५ मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, पण झाड काही परत आलं नाही. राखण ही अशी रोजची असते.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, आम्ही कुठे इंग्लंडला जाणार?" ब्रूस गुरुजींनी काय केलं ते आठवा. दाराशी काय आहे ते आधी बघा. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची कांस्याची छोटी मूर्ती सापडली. रोमन लोक या देवाला नेपच्यून म्हणत. रोमन जगाशी आपला व्यापार होता, त्याची ही खूण. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात ती ठेवली आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावीही त्या व्यापाराच्या खुणा मिळाल्या. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुन्या वस्तू जमवल्या, म्हणून तिथे आज संग्रहालय आहे. तेही हटन-क्लेटन यांच्याच जातीचे छंदिष्ट!

तेव्हा एक करा. वर्गातले चार-पाच इतिहासवेडे हुडका. एक जागा ठरवा: संग्रहालय, गावची वेस, जुनी बारव, काहीही. घरच्या एका मोठ्या माणसाला सोबत घ्या. प्रत्येकाने त्या जागेविषयी एकेक गोष्ट आधी शोधून आणायची आणि तिथे उभं राहून सांगायची. वही-पेन्सिल न्या, चित्र काढा. दगडावर आपलं नाव कोरू नका आणि खिशात घालून काही आणू नका. परत निघताना सगळ्यांनी मिळून पुढच्या भेटीची तारीख वहीत लिहा. आपल्याला दहा वर्षं थांबायची गरज नाही, पुढच्याच महिन्यातली चालेल.

आणि हो, आईबाबांसाठी दोन शब्द. मुलांनी अशी सहल ठरवली, तर "परीक्षेत याचे किती मार्क?" असं कृपा करून विचारू नका. ब्रूस गुरुजींनी त्या प्रवासात मुलाला बरोबर नेलं होतं. मोठेपणी त्याच मुलाने वडिलांचं चरित्र लिहिलं.

तुमच्या
बाई