कार्बोरेटरचें निदान

गेल्या अंकीं आम्हीं गच्चीवरील पाण्याच्या टांकीविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचकांनीं विचारिलें आहे कीं, घरांत वडिलांच्या वेळची मोटारसायकल आहे, ती मधूनच बंद पडते, आणि ज्याला दाखवावी तो 'कार्बोरेटर खराब आहे' असें म्हणून तो खोलून बसतो. तर खरें कारण ओळखावें कसें? हा प्रश्न आमच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. याच विषयांत गेल्या वर्षीं आमच्या हातून एका कारागिरावर अन्याय घडला. तेव्हां प्रथम थोडें शास्त्र सांगतों, मागाहून आपली चूकही सांगतों.

इंजिनांत पेट्रोल नीट जळावयाचें तर तें हवेशीं योग्य प्रमाणांत मिसळलें पाहिजे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें मिश्रण करून देणें एवढेंच कार्बोरेटरचें काम. त्यांतील हवेची वाट मध्यें अरुंद केलेली असते. अरुंद जागीं वाऱ्याचा वेग वाढतो व दाब घटतो. हा सिद्धान्त बर्नुली यांनीं १७३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडला, आणि अशा नळीस व्हेंचुरी या इटालियन पंडितांचें नांव मिळालें. दाब घटला कीं खालच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर ओढलें जातें व तुषाररूपानें हवेंत मिसळतें. वाटींतील पातळी एकसारखी राहावी म्हणून तींत फ्लोट असतो. गच्चीवरची टांकी भरली कीं तरंगता चेंडू नळ बंद करितो, तेंच काम हा फ्लोट सुईच्या योगानें करितो.

बुलेटसारख्या जुन्या गाडीच्या कार्बोरेटरांत निरनिराळ्या वेळीं निरनिराळे भाग राबत असतात. गाडी उभ्या जागीं संथ चालत असतां पायलट जेट व हवेचा स्क्रू यांचा अंमल असतो. अॅक्सिलरेटर पावापासून पाऊण भागापर्यंत फिरविला असतां निमुळत्या सुईचा, आणि त्यापुढें मेन जेटचा. म्हणून 'गाडी बिघडली' एवढ्यानें कांहींच समजत नाहीं. ती केव्हां बिघडते, उभी असतांना, मध्यम वेगांत कीं पूर्ण वेगांत, हें सांगितलें म्हणजे निम्मी शोधाशोध वांचते.

आतां आमची हकीकत. आमची बुलेट ३५० ही १९८६ सालची. नोकरीच्या उमेदींत घेतलेली, आणि सेवानिवृत्तीनंतरही सोबत राहिलेली. तिच्यावर आम्ही उभयतां रामटेकपासून पचमढीपर्यंत हिंडलों आहों. गेल्या वर्षीं दिवाळीनंतर चिखलदऱ्यास जाण्याचें ठरलें. निघण्यापूर्वीं आठ दिवस आमच्या नेहमींच्या तरुण मिस्त्रीकडून कार्बोरेटर साफ करून घेतला. अमरावतीवरून परतवाड्यापर्यंत गाडी तक्रार न करितां आली. तेथें टांकी गळ्यापर्यंत भरली. झाकणाशीं पेट्रोल पाझरून वास येऊं लागला, सौभाग्यवतींस मळमळूं लागलें, म्हणून आम्हीं सायकलच्या ट्यूबची एक गोल चकती कापून झाकणाच्या आंत घट्ट बसविली. वास थांबला. आपल्या कल्पकतेचा आम्हांस थोडा अभिमानही वाटला.

घाट लागून तीनचार किलोमीटर झाले असतील, तोंच गाडी गुदमरली आणि थांबली. दहा मिनिटें खटपट केल्यावर सुरू झाली. थोडें अंतर जाऊन पुन्हां बंद. आमची पंडिताई लागलीच जागी झाली. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटरांवर आणि चिखलदरा सुमारें १,१०० मीटरांवर. वर हवा विरळ, म्हणून पेट्रोलचें प्रमाण वाढतें, असा आम्हीं सिद्धान्त केला. विचार अशुद्ध नव्हता. पण एवढ्या उंचीनें हवा सात-आठ टक्क्यांनींच विरळ होते, आणि तेवढ्यानें धडधाकट इंजिन बंद पडत नाहीं, हें भान राहिलें नाहीं. आम्हीं हवेचा स्क्रू फिरविला, आणि किती फिरविला याची मोजदादही ठेविली नाहीं. गाडी अधिकच बिघडली.

दिवस कलला होता. भोंवतीं मेळघाटचें रान. रस्त्यावर वर्दळ नाहीं. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत, पण त्यांनीं शाल अंगाभोंवतीं ओढून घेतलेली आम्हांस दिसली, आणि भीतीचें रूपान्तर रागांत झालें. आम्हीं मिस्त्रीस दूरध्वनि केला व नाहीं नाहीं तें बोललों. "तुमच्या हातीं गाडी दिली हीच आमची चूक. ज्याला वाटी नीट बसवितां येत नाहीं त्यानें दुकान कशाला थाटावें?" पलीकडे दुकानांत गिऱ्हाइकें असावींत, आमचा आवाज त्यांनाही ऐकूं गेला असावा. तो एवढेंच म्हणाला, "गुरुजी, टाकीचं झाकन खोलून पाह्यलं काय?" पेट्रोल आहे कीं नाहीं हें पाहण्याची अक्कल आम्हांस नाहीं, असें तो सुचवितो आहे, असा आम्हीं अर्थ केला आणि दूरध्वनि बंद केला.

त्या रागांतच झाकण उघडून टांकींत डोकावलों. पेट्रोल भरपूर होतें. लाथ मारतांच गाडी सुरू झाली. झाकण लावून निघालों, आणि पुन्हां दोनतीन किलोमीटरांवर बंद. असें तिसऱ्यांदा झाल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दर वेळीं तुम्ही झाकण उघडून पाहतां आणि मगच ती सुरू होते. आतां न उघडतां करून पाहा बरें."

तसें केलें. गाडी सुरू होईना. झाकण सैल केलें तोंच हवा आंत ओढल्याचा 'सूं' असा आवाज स्पष्ट ऐकूं आला, आणि पुढच्या लाथेला इंजिन चालूं लागलें. जन्मभर मुलांना अन्वय आणि व्यतिरेक शिकविले; असतां कार्य घडतें व नसतां घडत नाहीं, तेंच कारण समजावें, हें फळ्यावर शेंकडों वेळां लिहिलें; पण घाटांत तें आठवलें नाहीं. आठवण करून दिली ती तर्कशास्त्राचें पुस्तक कधीं न उघडलेल्या व्यक्तीनें.

कारण असें. टांकींतून जितकें पेट्रोल खालीं उतरतें तितकी हवा वरून आंत यावी लागते. त्यासाठीं झाकणांत एक बारीक वाट ठेवलेली असते. ती आमच्या चकतीनें बुजली होती. टांकी गळ्यापर्यंत भरलेली, आंत हवेची जागा थोडी, म्हणून थोडें पेट्रोल जातांच आंतील दाब घटला व धार थांबली. कार्बोरेटर निर्दोष होता, मिस्त्री निर्दोष होता. चकती काढून टाकिली आणि अंधार पडण्याच्या बेतांत चिखलदरा गांठलें. मात्र भलताच फिरविलेल्या स्क्रूमुळें गाडी सारी वाट फटाके वाजवीत गेली.

आतां वाचकांच्या प्रश्नास उत्तर. कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. पहिली, झाकणाची हवेची वाट: झाकण सैल करून गाडी चालते काय? दुसरी, पेट्रोलचा कॉक व जाळी: इंजिन थंड असतां, मोकळ्या हवेंत व विस्तवापासून दूर, नळी काढून बाटलींत धार पाहावी; ती अखंड पडली पाहिजे. तिसरी, ठिणगी: प्लग व पॉइंट यांचे दोष पुष्कळदां कार्बोरेटरच्या नांवावर खपतात. चौथी, हवा गाळणारें फिल्टर: तें धुळीनें तुंबलें असेल तर मिश्रणांत पेट्रोल वाढतें.

एवढ्यानें भागलें नाहीं तर वैद्यांची रीत धरावी. आयुर्वेदांत निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं 'उपशय' म्हणजे औषध देऊन, तें मानवतें कीं नाहीं यावरून रोग ओळखणें. येथें चोक हेंच तें औषध. गरम गाडी अडखळत असतां चोक किंचित् दिला आणि ती सुधारली, तर पेट्रोल कमी पडत आहे: जेटांत कचरा असेल, अथवा कार्बोरेटर व इंजिन यांच्या सांध्यांतून चोरटी हवा शिरत असेल. उलट चोक देतांच ती अधिक गुदमरली, तर पेट्रोल जास्त होत आहे. वाटींतून पेट्रोल वाहत असेल तर फ्लोटची सुई झिजलेली किंवा कचऱ्यानें अडलेली समजावी. प्लगही साक्ष देतो: कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, पांढुरका रंग म्हणजे कमी, आणि चहांत बुडविलेल्या बिस्किटासारखा रंग म्हणजे आरोग्य.

खोलण्याची वेळ आलीच तर हवेचा स्क्रू प्रथम अलगद पूर्ण आंत फिरवून किती फेरे लागले तें वहींत लिहावें, म्हणजे परततांना वाट सांपडते. जेटाच्या छिद्रांत तार कधींही घालूं नये. जेट पितळेचें, मऊ. तारेनें छिद्र मोठें होतें आणि मिश्रण कायमचें बिघडतें. साफ करण्याचा द्रव व हवेचा झोत एवढें पुरे. त्या वेळीं डोळे मात्र जपावे.

आणखी एक नवी अडचण ध्यानांत ठेवावी. २०२५ सालापर्यंत आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल सर्वत्र मिळूं लागलें. इथेनॉलला हवा कमी, एका भागास सुमारें नऊ भाग लागते. म्हणून शुद्ध पेट्रोलसाठीं बसविलेल्या जुन्या कार्बोरेटरांत मिश्रण थोडें पातळ पडतें. तें ओलावाही ओढून घेतें आणि जुन्या रबरी भागांस मानवत नाहीं. गाडी पावसाळ्यांत महिनाभर उभी राहावयाची असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहींसा झाला आहे. त्याची दुरुस्ती जाणणारे हात यापुढें कमीच होत जाणार. त्या हातांचा मान राखणें हें जुनी गाडी बाळगणाऱ्याचें कर्तव्यच आहे.

तो मान आम्हीं राखिला नव्हता. नागपुरास परतल्यावर दुसऱ्याच दिवशीं दुकानांत गेलों. चारपांच गिऱ्हाइकें बसलीं होतीं. तीं उठून जाण्याची वाट पाहावी असें क्षणभर वाटलें. पण अपमान चारचौघांत केला असेल तर क्षमाही चारचौघांतच मागितली पाहिजे. रबराची चकती त्याच्यापुढें ठेविली आणि म्हणालों, "चूक आमची होती. तुमचें काम बरोबर होतें, आणि तुमचा सल्लाही." त्यानें चकती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "होते गुरुजी असं. आधी झाकन पाहाचं, मंग कार्बोरेटर." आणि पाना घेऊन आम्हीं बिघडविलेला स्क्रू लावण्यास बसला. मजुरी नेहमींचीच घेतली, एक रुपयाही अधिक नाहीं.

ती चकती आम्हीं परत आणिली आहे. हें टिपण लिहितांना ती टेबलावर समोरच आहे.