एका काडतुसाची बंदूक

एका वेळीं एकच काडतूस घेणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुकीविषयीं जाणत्या नेमबाजांना आजही मोठें प्रेम वाटतें. एका दमांत दहा-वीस गोळ्या झाडणारीं शस्त्रें असतां या संथ बंदुकीचें कौतुक कां करावें, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. आमच्या मतें हें प्रेम केवळ जुन्याची आवड नव्हे. त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. मात्र ज्या सोलापुरांत ८ मे १९३० रोजीं पोलिसांनीं जमावावर गोळ्या झाडल्या, तेथें बंदुकीची स्तुति तोलूनमापूनच केली पाहिजे.

प्रथम तिची रचना पाहूं. ब्रिटिश सैन्यानें १८७१ सालीं स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही या जातीची नामांकित बंदूक होय. चापामागील तरफ खालीं ओढली कीं नळीच्या बुडाशीं असलेला पोलादी ठोकळा खालीं झुकतो. नळींत एक काडतूस सरकवून तरफ वर घेतली कीं बंदूक सज्ज होते. काडतुसाच्या बुडाला सभोंवार कांठ असतो. तो नळीच्या मागील तोंडाशीं अडतो, म्हणून काडतूस हवें तितकेंच आंत जातें. आणि बार झाल्यावर त्याच कांठाला धरून रिकामें टरफल बाहेर काढलें जातें. पेटींत एकावर एक रचलेल्या काडतुसांचे कांठ एकमेकांत अडकण्याचा संभव असतो. म्हणून भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांसाठीं पुढें बिनकांठाचीं काडतुसें पसंत पडूं लागलीं. एकेक काडतूस हातानें भरणाऱ्याला ती अडचणच नाहीं. भाग थोडे, आणि प्रत्येकाचें काम सहज उमगणारें, हेंच या रचनेचें सौंदर्य.

परंतु आपल्या देशांत या साधेपणाचा इतिहास कडवट आहे. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हातीं गोऱ्या पलटणींपेक्षां एक पिढी जुनें शस्त्र ठेवावें, हें धोरण राज्यकर्त्यांनीं पुष्कळ वर्षें पाळलें. गोऱ्यांना मार्टिनी मिळाली, तेव्हां हिंदी शिपायाकडे स्नायडर राहिली. गोऱ्यांना पेटीची ली-मेटफर्ड मिळाली, तेव्हां हिंदी शिपायाच्या वांट्याला मार्टिनी आली. १२ सप्टेंबर १८९७ रोजीं सारागढीचे २१ शीख वीर याच मार्टिनीनें लढत धारातीर्थीं पडले. पुढें इशापूरच्या कारखान्यांत पोलिसांसाठीं ली-एनफील्डवरून .४१० च्या मस्केटी बनविल्या, तेव्हां काडतुसांच्या पेटीच्या जागीं लांकडी ठोकळा बसवून त्या मुद्दाम एकबारी केल्या. दुसऱ्याच्या अविश्वासानें लादलेला संयम हा संयम नव्हे. ती वेसण होय.

शिवाय संथ बंदूक मनुष्याला आपोआप संयमी करीत नाहीं. १८०९ ते १८२९ या काळांत मॅन्सफील्ड नांवाच्या इंग्रज शिकाऱ्यानें तेव्हांच्या अहमदनगर परिसरांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आणि तो काळ तर ठासणीच्या बंदुकांचा होता! त्याच पक्ष्याला वांचविण्यासाठीं १९७९ सालीं आपल्या जिल्ह्यांत नान्नजला अभयारण्य स्थापावें लागलें. दोन बारांमध्यें विचाराला अवकाश मिळाला, तरी विचार करणें मनुष्याच्याच हातीं राहतें.

मग या बंदुकीचें खरें स्थान कोठें? आमच्या मतें निशाणाच्या मैदानावर. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफलच्या शर्यतींत आजही एकेक काडतूस भरावयाची बंदूकच चालते, आणि तिचें .२२ चें काडतूस १८८७ सालापासूनचें, कांठाचेंच आहे. त्याची पेट घेणारी दारू त्या कांठांतच भरलेली असते. निशाणावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढें! १ ऑगस्ट २०२४ रोजीं राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यानें याच प्रकारांत ४५१.४ गुण मिळवून भारताला कांस्यपदक आणून दिलें. अंतिम फेरीच्या प्रारंभीं तो मागें होता. गुडघ्यावर बसून व पालथें पडून नेम साधल्यावर शेवटीं उभ्यानें नेमबाजी करीत तो तिसऱ्या स्थानावर आला. गेलेली गोळी परत येत नाहीं. हातीं असलेली तेवढी नीट मारावयाची, हा धडा त्या बंदुकीनें दिला तसा कोणत्या पुस्तकानें द्यावा?

कित्येक पालकांना मुलांच्या हातीं बंदूक दिलेली पाहून धास्ती वाटते. ती अनाठायीं नाहीं. पण राष्ट्रीय छात्रसेनेंत .२२ ची रायफल हातीं घेणाऱ्या मुलामुलींना शिस्त लावावयाची, तर ती या एकेका काडतुसानेंच लागेल. आमची सूचना इतकीच कीं, सरावाच्या वेळीं काडतुसें मूठभर न देतां एकेक द्यावीं. प्रत्येक बारानंतर निशाण पाहून चूक कोठें झाली हें विद्यार्थ्यानें स्वतः सांगावें, आणि मगच दुसरें काडतूस मागावें. असा सराव केलेला विद्यार्थी पुढें बंदुकीला कधीं हात लावो अथवा न लावो, बोलण्यापूर्वीं व करण्यापूर्वीं क्षणभर थांबावयास तो शिकलेला असेल. पूर्वीं परक्यांनीं आपल्यावर अविश्वासानें जें लादलें, तेंच आपण समजून-उमजून पत्करावें, यांतच स्वतंत्र नागरिकाचें भूषण आहे.