पाडकाम आधी, पर्याय साठ वर्षांनी

न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागात तिसऱ्या ॲव्हेन्यूवरून १८७८ पासून धावणारी उन्नत रेल्वे १२ मे १९५५ रोजी बंद झाली व लवकरच तिचा लोखंडी सांगाडाही जमीनदोस्त करण्यात आला. या घटनेकडे समाजवादी कार्यकर्त्यांनी अवश्य पाहिले पाहिजे; कारण हे कृत्य कोण्या खाजगी भांडवलदाराचे नव्हते. १९४० सालीच ही रेल्वे शहराच्या मालकीची झाली होती.

तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गाडी घराच्या खिडक्यांना खेटून खडखडत जाई, खालचा रस्ता भरदिवसा काळोखलेला असे. या त्रासातून सुटका मागणाऱ्या रहिवाशांना प्रगतीचे शत्रू कोण म्हणेल? पण भुयारी रेल्वे आधी बांधा आणि मग खुशाल पाडा, एवढे म्हणण्याचा अधिकार रोजच्या उतारूला होता की नव्हता?

दुसऱ्या ॲव्हेन्यूवरील उन्नत रेल्वे १९४२ पर्यंत संपूर्ण बंद झालीच होती. तिच्या जागी भुयारी मार्गाचे आश्वासन होते. १९५१ साली मतदारांनी ५० कोटी डॉलरच्या कर्जउभारणीस कौलही दिला. तो पैसा जुन्या मार्गांच्या डागडुजीत व नव्या डब्यांत खर्ची पडला. १९५३ साली कारभार ज्या नव्या प्राधिकरणाकडे गेला, त्याच्यावर तर चालू खर्च तिकिटांतूनच भागविण्याचे कायदेशीर बंधन होते. मालकी सार्वजनिक, हिशेब मात्र वाण्याचा! अशा हिशेबात कामावर जाणाऱ्या मोलकरणीचा वेळ कोणत्या रकान्यात धरावयाचा?

तिसऱ्या ॲव्हेन्यूवर ऊन आले, पण ते भाडे वाढवीतच आले. जुन्या भाडेकरूंच्या इमारती जाऊन कचेऱ्यांचे व महागड्या सदनिकांचे मनोरे उठले. जमीनमालकांनी या लाभापोटी भुयारी मार्गासाठी काय दिले, हा प्रश्न विचारणारे आवाज क्षीण होते. मॅनहटनच्या पूर्वेकडील साऱ्या गर्दीचा भार लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूच्या एकट्या भुयारी मार्गावर पडला.

दुसऱ्या ॲव्हेन्यूखाली १९७२ साली कुदळ मारली गेली. १९७५ च्या आर्थिक संकटात काम थांबले. अखेर १ जानेवारी २०१७ रोजी पहिला टप्पा सुरू झाला. त्यात नवी स्थानके तीन, आणि तिन्ही सुखवस्तू अप्पर ईस्ट साइडमध्ये. पूर्व हार्लेमचा वाटा पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवण्यात आला. पाडलेली जुनी गाडी मात्र त्याच वस्तीतून पुढे थेट ब्राँक्सपर्यंत जात असे.