विचारायला शिकले पाहिजे

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दवाखान्यात एक तरुण आला. गुदद्वाराशी व्रण होता, पण तो दुखत नव्हता. मी मूळव्याधीचे मलम लिहून दिले आणि सवयीने म्हणालो, "अजून लग्न नाही? उरकून टाक, वय निघून चाललंय." तो काही न बोलता पैसे देऊन गेला. दोन महिन्यांनी आला तो मुंबईच्या दवाखान्यातला रिपोर्ट घेऊनच. तळहातांवर पुरळ उठले होते. आजार गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा होता. सुरुवातीलाच ओळखला तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होणारा! तो एवढेच म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

वाचकहो, चूक माझी होती. पण मला विचारायला शिकवले होते कोणी? आमच्या वेळी समलिंगी संबंध हा विषय भेटायचा तो न्यायवैद्यकाच्या पुस्तकात, गुन्ह्यांच्या प्रकरणात. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि 2018 साली प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. तृतीयपंथीयांविषयीच्या 2019 च्या कायद्याने वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. कायदा पुढे गेला, पण केसपेपरची खिडकी होती तिथेच राहिली.

कारण रुग्णाची पहिली गाठ डॉक्टरशी पडतच नाही. साडी नेसलेल्या रुग्णाला भरल्या रांगेत पुरुषी नावाने हाक मारली जाते, चार माणसे हसतात, आणि तो रुग्ण खोकला तसाच घेऊन घरी जातो. तो खोकला क्षयाचा असेल तर नुकसान एकट्याचे होत नाही, साऱ्या वस्तीचे होते. म्हणून हे शिक्षण केवळ डॉक्टरांना देऊन भागणार नाही. केसपेपर लिहिणारा कारकून, परिचारिका, वॉर्डबॉय आणि आशाताई, सर्वांना ते हवे.

शिकायचे तरी काय? फार अवघड काही नाही. "तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?" हे विचारणे. पडद्याआड, सर्वांनाच सारख्या स्वरात, "संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशी?" हे विचारणे. ऐकलेले खोलीबाहेर, विशेषतः घरच्यांच्या कानी, जाऊ न देणे. आणि शरीराचे भान ठेवणे. निर्वाण झालेल्या तृतीयपंथीयाची प्रोस्टेट ग्रंथी शरीरातच असते. म्हातारपणी लघवी अडली तर ती तपासावी लागते. पुरुष म्हणून जगणाऱ्या ज्या व्यक्तीचे गर्भाशय काढलेले नाही, तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी लागते.

काही सहकारी म्हणतात, "आपल्या भागात असले लोक नाहीत." आहेत, आपल्याला सांगत नाहीत, इतकेच. दुसरे म्हणतात, आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. हे मात्र खरे आहे. म्हणून नवे रजिस्टर नको. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेतला एक तास द्यावा आणि शिकवायला जिल्ह्यातल्याच तृतीयपंथी किंवा समलिंगी व्यक्तीला, तिची तयारी असेल तर, सन्मानाने मानधन देऊन बोलवावे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला हे अवघड नाही.

एड्सच्या सुरुवातीच्या काळात रुग्णाला हात लावायला आपण घाबरत होतो. शिकवल्यावर ती भीती बरीच ओसरली. हेही शिकता येईल. त्या तरुणानंतर मी लग्नाचा सल्ला देणे सोडले आणि विचारणे सुरू केले. पन्नाशी उलटलेला डॉक्टर शिकू शकतो, तर बाकीच्यांना काय अवघड आहे?